शिवपुरीला सायकलने

शिवपुरी हे आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत गाव कमी आणि आठवण अधिक आहे. लष्करातल्या कोणत्याही जुन्या वाड्यात जा. दिवाणखान्याच्या भिंतीवर छत्रीसमोर काढलेला एखादा पिवळा पडलेला फोटो असतोच, आणि 'उन्हाळ्यात आम्ही शिवपुरीला असू' असे सांगणारे एक तरी माणूस घरात असतेच. या 'असू'वर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी गुजराण केली. पण गेल्या दहा वर्षांत सख्यासागराच्या काठी तासभर कोण बसले होते, असे विचारावे, तर बहुतेकांनी इंदूरला जाता-जाता मोटारीच्या काचेतून शिवपुरीची पाटी पाहिलेली असते, इतकेच.

माझे म्हणणे असे की, हा प्रदेश पाहायचा तर तो सायकलवरून पाहावा. आणि तसा तो पाहता यावा म्हणून तिकडचे काही रस्ते तरी मोटारींच्या तावडीतून थोडे सोडवून घ्यावेत. त्याच वेळी, सायकलवाल्या तरुण मित्रांपैकी काहींची जी मागणी आहे, की माधव राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या रस्त्यांवरही सायकली सोडाव्यात, तिला माझा विरोध आहे. या दोन मतांमुळे दोन्हीकडची मंडळी माझ्यावर नाराज आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

संगीत शिकवणाऱ्या माणसाने सायकलीच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. माझे वडील दरबारच्या गवयांच्या अखेरच्या पिढीतले. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते नुकते विशीत आले होते, आणि मी त्यांना पन्नाशी उलटल्यावर झालो. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, दरबाराच्या गोष्टी मात्र पोटभर ऐकल्या. उन्हाळ्यात शिवपुरीला मुक्काम हलला की दोन फुटी रुळांच्या छोट्या गाडीतून तंबोरे घोंगडीत गुंडाळून न्यायचे. शिवपुरीत वडिलांचे वाहन एक जुनी सायकल. 'गळा आणि गुडघा, दोन्ही सकाळी तापवावे लागतात,' असे ते म्हणत. शिकवण्या संपल्या की मीही अजून दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालवतो, आणि वर्षाकाठी दोन-तीनदा शिवपुरी करतो. अधिकार सांगायचा तर तेवढाच.

आता त्या रस्त्याचे. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटरवर आहे, शिवपुरी सुमारे साडेचारशे मीटरवर. अंतर एकशे दहा-पंधरा किलोमीटर. म्हणजे एवढ्या लांबीत अडीचशे मीटरची चढण. कागदावर ही काहीच नव्हे. महाबळेश्वरचा घाट चढलेल्या माणसाला हसू येईल. पण हा चढ एकदम येत नाही. पनिहार, घाटीगाव, मोहना अशी गावे मागे पडत जातात आणि विंध्याच्या पठाराची कड पायरी-पायरीने वर सरकते. थोडे चढावे, थोडे उतरावे, पुन्हा पहिल्याहून थोडे अधिक चढावे. खरा कस लागतो तो सतनवाड्याजवळच्या खूबत घाटीत. मोटारीत बसलेल्याला यातले काही कळत नाही. त्याच्या लेखी ग्वाल्हेर ते शिवपुरी ही एक सपाट डुलकी असते.

चढावर नवशिका काय करतो? जड गिअर तसाच ठेवून सगळा जोर पायडलवर टाकतो, आणि दोन किलोमीटरांत दमतो. जाणता सायकलस्वार गिअर हलका करतो, पण पायांची लय मोडू देत नाही. मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे सपाटीवर, तर चढावरही जमेल तितके त्याच्याच जवळपास. आमच्या घराण्यात बंदिशीची स्थायी-अंतरा स्वच्छ मांडल्यावाचून तानेकडे जाऊ देत नाहीत, आणि तान घेताना ठेका डळमळला तर ती तान कितीही अवघड असो, तिला किंमत नाही. विद्यार्थ्यांना ही गोष्ट वर्गात सांगून पटत नाही. खूबत घाटीत आपोआप पटते. असो, गवयाला सगळीकडे गाणेच दिसते.

हा मुलूख करधई, खैर, सालई, धावडा आणि पळस यांचा. करधईविषयी इकडे सांगतात की, पाऊस पडायचीही ती वाट पाहत नाही. हवेत नुसता ओलावा आला की तिला पालवी फुटते. ज्येष्ठाच्या अखेरीस करडे, मेल्यासारखे दिसणारे डोंगर आठवड्याभरात हिरवे झालेले मी पाहिले आहेत. हे पाहायला ताशी पंधरा-अठरा किलोमीटरचा वेग पुरतो. पायी चालणाऱ्याला पुढची टेकडी फार उशिरा भेटते. मोटारवाल्याला ती भेटतच नाही.

पठारावर पोचल्यावर तळी. सख्यासागर, ज्याला तिकडचे लोक चांदपाठाही म्हणतात, आणि माधवसागर ही दोन्ही तळी मनिहार नदी अडवून १९१८ साली झाली. माधवराव महाराजांनी मातोश्री सख्याराजे यांचे नाव पाण्याला दिले. आपल्या शहरात माधव संगीत महाविद्यालय पंडित भातखंड्यांच्या साहाय्याने उभे राहिले तेही १९१८ सालीच. एकाच माणसाने एकाच वर्षी इकडे गळ्यांसाठी शाळा काढावी आणि तिकडे उजाड पठारावर पाणी अडवावे, हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो. शाळेसाठी आपण दरवर्षी भाषणे करतो. पाण्याची आठवण कोण काढतो? २०२२ साली सख्यासागराचे नाव रामसर यादीत, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, ही बातमी लष्करातल्या किती घरांत वाचली गेली, देव जाणे. त्याच तळ्यात जलपर्णी माजते आणि गावचे सांडपाणी उतरते, हे मात्र काठावरून सायकलने जाणाऱ्याला नाकानेच कळते. मोटारीच्या काचा बंद असतात.

तळ्यात मगरी आहेत. हिवाळ्यात काठावर ऊन खात पडतात. आणि त्याच वेळी पलीकडच्या पाण्यावर उत्तरेकडून आलेली बदके आणि हंस उतरलेले असतात. जंगलातल्या सर्वांत उंच टेकाडावर, ४८४ मीटरवर, जॉर्ज कॅसल आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा येणार म्हणून तो बांधला. बादशहा तिथे राहिलेच नाहीत. ज्याच्यासाठी घर सजवावे तो पाहुणा दारावरून निघून जावा, हे आपल्या संस्थानी इतिहासात बरेचदा झाले आहे.

आता त्या प्रसंगाकडे वळतो ज्यामुळे हा लेख लिहावा लागला. माझी एक विद्यार्थिनी आहे, वय वर्षे एकोणीस. गळा चांगला, आणि पाय त्याहून चांगले. तिने मनात घेतले आहे की या हिवाळ्यात ग्वाल्हेरहून शिवपुरीला सायकलने जायचे. घर जुने, चार पिढ्या लष्करात काढलेले. तिचे आजोबा मला म्हणाले, "मास्तर, पोरगी आमचं नाही ऐकत, तुमचं ऐकते. तेवढं समजवा तिला. त्या रस्त्यावर ट्रक माणसाला माणूस समजत नाहीत."

मी म्हणालो, "काका, ट्रकांविषयी तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं. पण तिला 'जाऊ नकोस' असं मी नाही सांगणार."

त्यांना ते आवडले नाही. "तुमच्या वडिलांनीही असंच उत्तर दिलं असतं," असे म्हणून त्यांनी पानाचा डबा पुढे केला. ही तक्रार होती की कौतुक, हे मला अद्याप उमगलेले नाही.

त्यांची भीती मात्र उगाच नाही. आग्रा-मुंबई रस्ता चौपदरी झाला तेव्हा आम्ही सायकलवाले खूष झालो होतो. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर चार-पाच फुटांची डांबरी कड मिळाली, आता ट्रक आपल्या वाटेने आणि आपण आपल्या. प्रत्यक्षात त्या कडेवर उलट्या दिशेने मोटरसायकली येतात, ट्रॅक्टर उभे असतात, ढाब्यांसमोर ट्रकांच्या रांगा असतात. फुटलेल्या टायरांतल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे कडेला पडलेले असतात. ते सायकलच्या टायरमध्ये असे घुसतात की, पंक्चर काढणाऱ्यालाही चिमटा आणि भिंग घेऊन बसावे लागते. कड अडली की सायकलस्वाराला मुख्य पट्ट्यात यावे लागते, आणि मागून येणाऱ्या गाडीचा वेग ताशी शंभर असतो. एकोणीस वर्षांच्या मुलीला मी हा रस्ता सुचवणार नाही. चाळिशीच्या मास्तरलाही सुचवणार नाही. पण 'हा रस्ता नको' आणि 'शिवपुरी नको' यांत फरक आहे, आणि आपली जुनी घरे तो करीत नाहीत. धोका दिसला की आपण दार लावून घेतो. दार लावले की मागणी करायला कोणी उरत नाही, आणि रस्ता आहे तसाच राहतो.

आता तरुण मित्रांशी भांडण. त्यांचे म्हणणे असे: उद्यानात जिप्सी गाड्या धूर सोडीत फिरतात, त्यांना मुभा आहे, सायकल आवाज करीत नाही, धूर सोडीत नाही, मग तिला मज्जाव का? भरतपूरच्या केवलादेव उद्यानात तर दारातच भाड्याने सायकली मिळतात, आणि मुंबईच्या बोरिवलीच्या उद्यानात माणसे कान्हेरीपर्यंत सायकल मारतात. वरवर हे बिनतोड वाटते. पण भरतपूर पक्ष्यांचे आहे, सपाट आहे, आणि तिथली वाट ठरलेली आहे. माधव उद्यानात २०२३ च्या मार्च महिन्यात, कित्येक वर्षांच्या खंडानंतर, पुन्हा वाघ आणून सोडले. २०२५ च्या मार्चमध्ये तो रीतसर व्याघ्र प्रकल्प झाला, देशातला ५८ वा आणि मध्य प्रदेशातला नववा. माणसांची वस्ती आणि वाघ यांच्यात आडपडदा असावा म्हणून १३ किलोमीटरांची दगडी भिंत घातली. एवढा खटाटोप ज्याच्यासाठी केला त्याच्या अंगणातून आपण घंटी वाजवीत जायचे, हे मला पटत नाही. आणि सायकल आवाज करीत नाही हाच इथे तिचा दोष आहे. वळणापलीकडे बसलेल्या जनावराला मोटार लांबून कळते. सायकल त्याच्या पुढ्यात एकदम उभी राहते, आणि सायकलवर वाकून बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसतही नाही. मैफलीत दुसरा गात असताना आपण तंबोऱ्याच्या मागे बसतो. त्यात अपमान नसतो.

भिंतीच्या आत मोटारीही कमी कराव्यात, हे मित्रांचे म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे. तेवढे मागायला मी त्यांच्याबरोबर येईन.

पण खरे भांडण आतल्या वाटांचे नाहीच. शिवपुरीहून झाशीला जाणारा राजमार्ग उद्यानाच्या हद्दीतून जातो. त्याच रस्त्यावर वीसेक किलोमीटरांवर सुरवायाची गढी आहे; आतला शैव मठ सुमारे हजार वर्षांचा, आणि त्याच्या दगडावरचे कोरीव काम पाहायला कोणी अर्धा दिवस दिला तरी तो वाया जायचा नाही. सायकलीला हे अंतर सकाळच्या फेरीचे आहे. जाता येत नाही, कारण तिथेही तेच ट्रक. ज्या गाड्या सायकलस्वाराला चिरडतात त्याच रात्री नीलगाय आणि कोल्ह्याला चिरडतात. कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या राजमार्गावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद ठेवतात. त्यावर केरळने आकाशपाताळ एक केले, तरी ती टिकली. झाशीचा रस्ता रात्रभर बंद ठेवा, असे मी म्हणत नाही. तो देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा हमरस्ता आहे, आणि अशा मागणीचे काय होते हे मला ठाऊक आहे. पण उद्यानाच्या हद्दीपुरता वेग उतरवता येतो. वेग उतरला की जनावर वाचते आणि सायकलस्वारही वाचतो. जंगलवाल्यांनी आणि सायकलवाल्यांनी आपसात वाद घालण्याऐवजी हे एक कलम एकत्र मागावे.

दुसरी गोष्ट शिवपुरी गावाची. छत्री, तिथून भदैया कुंड, आणि सख्यासागराच्या काठचा जेवढा भाग उद्यानाबाहेर आहे तेवढा, ही सायकलच्या तासा-दीड तासाची फेरी आहे. उतार-चढ मध्यम, झाडी बरी. रविवारी सकाळी सहा ते नऊ या वाटेवर मोटारी नकोत. खर्च दोन अडसर आणि दोन शिपाई. शिवपुरीची मुले सायकलवर शाळेत जातातच. त्यांना आठवड्यातून तीन तास आपले गाव मोकळे मिळेल. आपली छत्री म्हणजे पांढऱ्या संगमरवराची, रंगीत दगड जडवलेली, शिखर देवळाचे आणि कमानी मोगलाईच्या. समोरासमोर आई आणि मुलगा. वडील तिथे हजेरी लावीत. ती जागा पार्किंगमधून पाहायची नव्हे. तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी दिले ते याच गावात, हेही सायकलवरून उतरून सांगण्यासारखे आहे. घरच्या मुलांना आपण ते सांगत नाही.

आणि ज्यांना लांब जायचे आहे त्यांच्यासाठी ग्वाल्हेरहून शिवपुरीला दुसरी वाट आहे. मी तीच वापरतो. चीनोर, भितरवार, तिथून नरवर, नरवरहून सतनवाडा, मग शिवपुरी. वीस-पंचवीस किलोमीटर जास्त पडतात, एक मुक्काम करावा लागतो. पण शेवटचा तुकडा सोडला तर ट्रकांशी गाठ क्वचित. भितरवारच्या बाजूला पार्वती नदीवरचा हरसीचा मातीचा बंधारा आहे, १९३५ सालचा. वाट थोडी वाकडी करून तो पाहावा. नरवरचा किल्ला मैदानापासून पाचशे फुटांच्या आसपास उंच, खाली सिंध नदी. नळराजाचे निषध ते हेच, असे तिकडचे लोक मानतात. आणि ढोला-मारूच्या गोष्टीतला ढोला तर नरवरचाच राजपुत्र. या पट्ट्यात ढोला अजून गाइला जातो. मी एकदा नरवरजवळच्या एका पारावर थांबून तासभर ऐकला. त्या माणसाची षड्जाची जागा माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा पक्की होती. नरवरहून निघाल्यावर मडीखेडा धरणाचे पाणी डोंगरांच्या फटींतून दिसू लागते, आणि रस्ता सतनवाड्यापर्यंत वर-खाली करीत जातो. या रस्त्यावर सायकलस्वारासाठी सरकारने काही नवे बांधायला नको. खड्डे बुजवावेत, आणि कृपा करून हा रस्ता चौपदरी करू नये.

ज्यांना एवढेही झेपणार नाही त्यांनी तिघऱ्यापासून सुरुवात करावी. वीस-बावीस किलोमीटरांवर सांक नदीवरचे ते धरण, १९१६ सालचे. १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले, पुन्हा बांधले. विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे ज्या थोड्या धरणांना बसवले त्यांतले हे एक. गूजरीराणी माहेरच्या सांक नदीचे पाणी महालात आल्याखेरीज मानसिंग तोमराशी लग्न करायला तयार नव्हती, अशी दंतकथा आहे. गूजरी तोडीचा संबंधही तिच्याशी लावतात. सकाळी साडेपाचला निघालात तर नऊला घरी नाश्त्याला.

ऋतू सांगून ठेवतो. दिवाळीनंतर ते माघापर्यंत उत्तम. पळस पाहायचा तर फाल्गुन, पण दहाच्या आत मुक्कामाला पोचावे. वैशाखात कोणी शौर्य दाखवू नये. पंचेचाळीस अंशांत डांबरही मऊ होते. बाटल्या दोन, ट्यूब दोन, पंप एक, मागे तांबडा दिवा दिवसाही लावलेला. अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही, मग मुक्काम पाच किलोमीटरांवर का असेना. परत येताना रस्त्याचा कंटाळा आला तर सायकल आगगाडीच्या सामानाच्या डब्यात घालावी. छोटी गाडी गेली, आता मोठ्या रुळांची आहे.

माझ्या विद्यार्थिनीने नरवरची वाट मान्य केली आहे. बरोबर तिघे जण, मुक्काम नरवरला, तारीख त्रिपुरी पौर्णिमेनंतरची. आजोबांनी होकार अजून दिलेला नाही. परवा भेटले तेव्हा भितरवारच्या पुढे चहा कुठे मिळतो, एवढेच त्यांनी विचारले.